सातपर्यंत

मामा आणि भाची यांच्या मध्ये संगणक उघडा होता. भाचीच्या चहावर साय धरली होती. मामांना त्या सायीकडेही पाहवेना. सकाळपासून त्यांच्या तोंडात एक आंबूस चव रेंगाळत होती. दोनदा चूळ भरूनही ती गेली नव्हती.

पडद्यावर भाचीचे गेल्या सहा आठवड्यांतले ऑनलाइन बुद्धिबळाचे चाळीस डाव होते. याच डावांच्या निकालांच्या बळावर मामांनी रविवारच्या सामन्यासाठी संघाच्या कप्तानांकडे तिची शिफारस केली होती. आज सकाळी त्यांनी प्रथमच प्रत्येक चालीपुढचा वेळ पाहिला. सात सेकंद. सात. आठ. सात. सात.

मामांची तीस वर्षे दुकानांतली वजने आणि काटे तपासण्यात गेली होती. काटा थरथरला म्हणून त्यांनी कधी कोणाला पकडले नव्हते. तो जरा जास्तच शहाण्यासारखा वागला, की ते दुकानाचे दार आतून लावून घेत. माणूस अवघड जागी अडतो, सोप्या जागी धावतो. सगळीकडे एकाच चालीने चालते ते यंत्र, किंवा शेजारी यंत्र उघडून बसलेला माणूस.

"हे बघ," अखेर ते म्हणाले. "त्याने तुझा वजीर मारला. त्याचा परत मारण्यावाचून तुला दुसरी चालच नव्हती. शेंबड्या पोरालाही दिसली असती. तिथे सात सेकंद काय करत होतीस? कोणाला विचारत होतीस?"

भाची रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतून थेट आली होती. हातमोज्यांची पांढरी भुकटी अजून तिच्या मनगटांवर होती. मामांना त्या हातांची किळस आली, आणि किळस आल्याची लाजही वाटली नाही.

"तोफ म्हणायचो मी तुला. समोरचा राजा जरा उघडा दिसला, की घोडा, उंट, हाताला लागेल ते फेकून अंगावर जायचीस. हरायचीस, पण डाव तुझा असायचा. हे उष्टं आहे. दुसऱ्याने चघळलेलं."

"झालं तुमचं बोलून?"

तिने पिशवीतून वही काढली. सहा आठवड्यांपूर्वी मामांनीच आखून दिलेली. कामावर जाण्याआधी वीस कोडी, एक दिवसाआड डावाच्या अखेरच्या टप्प्याचा सराव, प्रत्येक पराभवानंतर आपली चूक आपल्या शब्दांत. पहिल्या पानावर त्यांच्या सरकारी वळणाच्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून: 'चाल सुचली की हात मांडीखाली. सातपर्यंत मोज. मगच खेळ. अपवाद नाही.'

"अपवाद नाही," तिने वाचून दाखवले.

"अगं, पण एकच चाल असते तिथेही मोजायचं असतं का?"

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सवय लागेपर्यंत स्वतःचं डोकं चालवू नकोस." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मामा, यंत्राला विचारलं असतं तर परवा बाविसाव्या चालीला घोडा फुकट घालवला असता का मी? तो डाव तरी पाहिलात?"

मामांनी पाहिला नव्हता. चाळीसांतला एकही डाव त्यांनी पूर्ण पाहिला नव्हता. नुसते सेकंद पाहिले होते. आता त्यांनी तो डाव उघडला. घोडा पटाच्या मधोमध बेवारस उभा होता. वहीत त्या तारखेखाली भाचीने लिहिले होते: 'सातपर्यंत मोजले. पण नजर त्याच्या राजावरून हललीच नाही. घोडा दिसला नाही.'

आंबूस चव घशापर्यंत चढली. आता ती दुसऱ्या कोणावर थुंकण्याची सोय नव्हती.

"रविवारी मला चौथ्या पटावर बसवणार आहेत," ती म्हणाली. "काल कप्तानांचा फोन आला होता. तेच सांगायला आले होते मी."

मामांनी आपला फोन तिच्यापुढे सरकवला. सकाळी त्यांनी कप्तानांना लिहिले होते: 'हिला घेऊ नका. यंत्राला विचारून खेळते. सख्खा मामा असून सांगतो आहे.' खाली उत्तर होते: 'तुमचा शब्द म्हणजे पुरावाच. नाव काढलं. तिचं ऑनलाइन खातं बंद करावं म्हणून संघातर्फे संकेतस्थळाकडे तक्रारही पाठवली आहे.'

तिने ते दोनदा वाचले. फोन पालथा ठेवला. वही मिटली, पण पिशवीत घातली नाही. निवलेल्या चहाच्या कपाशेजारी ठेवून ती उठली.

"मी कळवतो त्यांना. आत्ता कळवतो. चूक माझी होती, म्हणून सांगतो. ऐकतील ते." मामाही उठले. "अगं, काहीतरी बोल. शिव्या दे हवं तर."

पायांत चपला सरकवून ती दाराशी वळली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओठांशी काहीतरी धावत आले होते. मामांनी अंग आवळून घेतले.

तेवढ्यात तिने उजवा हात पिशवीच्या पट्ट्याखाली दाबून धरला आणि तिचे ओठ आवाज न करता हलू लागले. मामांच्या ध्यानात आले तेव्हा ती तीनवर होती. ते तिच्याबरोबर मोजू लागले.

सात झाल्यावर तिने दाराची कडी काढली आणि ती जिना उतरू लागली.