पालनीचे दोन दिवस

वीरसिंग खुर्चीवर बसायला तयार नव्हता. काठी गावची होळी पहाटे पेटली आणि तो मुलगी रिना व आई नानीबाईला जीपमधून घेऊन थेट नंदुरबारच्या दवाखान्यात आला. होळीच्या नाचाचे अंगावरचे पांढरे ठिपके, कमरेची घुंगरं तशीच. नवस रिनासाठीच होता. पालनीचे, म्हणजे नवसाचे नियम पाळायचे, अजून दोन दिवस बाकी होते. तोवर खुर्ची-खाटेवर बसायचं नाही, बाईमाणसाला शिवायचं नाही, पोटच्या पोरीलाही नाही. शिवलं की नवस फुकट. तो नुसता येरझारा घालत होता.

"दादा, एक जागे उभा ऱ्हाय ना," वॉर्डबॉय वैतागला. "तुझ्या घुंगरांनी आख्खा वॉर्ड जागा झाया."

रिना खाटेवर कुशीवर निजली होती. रक्ताच्या कॅन्सरचा संशय होता. कमरेच्या हाडातला मगज काढायचा होता.

"त्यात काय शोधणार, बाई?" वीरसिंगने डॉक्टरला विचारलं.

"आधी आजार पक्का करू," डॉक्टर जागृती म्हणाली. "थोडा नमुना संशोधनाला जाईल. तिथे मायक्रोआरएनए बघतात. पेशीतले अगदी बारीक रेणू. त्यातले काही पेशींना आवरून धरतात, 'बस, आता वाढू नका' म्हणून. ते कमी पडले की कच्च्या पेशी वाढतच सुटतात."

वीरसिंग थबकला. "म्हणजे रक्तातपण पालनी असते."

"असते म्हणा."

"मग मोडली कोणी? मी?"

"कोणी नाही. आपोआप मोडते."

"पालनी आपोआप कशी मोडेल?" तो पुन्हा चालू लागला.

सुई दिसताच रिना किंचाळली. नर्सने पाय धरले तरी ती वळवळत राहिली. "बा! बा!"

जागृतीने सुई मागे घेतली. "हलली तर सुई भलतीकडे जाईल. दादा, ती तुम्हाला बोलावतेय. धरा तिला."

वीरसिंगने आईकडे पाहिलं. नवस तिनेच बोलायला लावला होता. दाराशी जमिनीवर बसलेली नानीबाई त्याच्यावरची नजर हलवत नव्हती.

त्याने हात पुढे केला. मागे घेतला.

"बा!"

तो वाकला आणि दोन्ही हातांनी पोरीला छातीशी आवळून धरलं. घुंगरं गप्प झाली. जागृतीने सुई टेकवली.

नानीबाईने पदर पुढे ओढला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मला काही दिसलं नाही," ती भिंतीला म्हणाली. "होळीच्या धुराने डोळे गेलेत माझे."