चाल संशयास्पद

चाकणच्या कंपनीत नव्याने लागलेल्या मैत्रीचा कामाचा तिसराच दिवस होता. सकाळी फाटकावर सुपरवायझरने तिला अडवलं, कारण ती झोकांड्या खात चालत होती. "दारू घेतलीस?" तिने दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारली. शून्य आलं. "तरी त्या पिवळ्या पट्टीवरून सरळ चालून दाखव." मैत्री भडकली. "साहेब, दोन वर्षांची असताना मला कर्करोग झाला. औषधाने जीव वाचला. पण तोल सांभाळणारा लहान मेंदू तेव्हा वाढत होता. त्यातल्या चेतापेशींना जपणाऱ्या पेशी त्याच औषधाने मारल्या." "हे आम्हाला कसं कळणार?" "विचारलं असतंत तर कळलं असतं!" त्याने तरीही रजिस्टरात 'चाल संशयास्पद' लिहिलं. तिने पेन हिसकावून ते खोडलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'दारू नाही, उपचारांचा परिणाम'. "खाली तुमची सही करा," ती म्हणाली आणि सही होईपर्यंत जागची हलली नाही.