टिबेट्सशी बोलायचं नाही

बेसबॉलच्या सामन्याचा सहावा डाव संपवून गोलंदाज हार्व्ही टिबेट्स डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या छपरीत, आला आणि बाकावर टेकला. बाकावरचे बाकीचे खेळाडू लगेच उठले आणि पलीकडच्या टोकाला, जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर, दाटीवाटीनं जाऊन बसले. कोणी बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधू लागला, कोणी छताकडे पाहून शीळ घालू लागला. टिबेट्सकडे मात्र एकानंही पाहिलं नाही.

मॅनेजर ऑर्व्हिल केस्लरनं चोरट्या नजरेनं धावफलक पाहिला. त्यांच्या संघाची, बॅजर्सची, एक धाव. पाहुण्यांच्या नावापुढे सगळी शून्यं. सहा डावांत टिबेट्सनं त्यांच्या एकाही फलंदाजाला धड फटका मारू दिला नव्हता. सामना नऊ डावांचा. आणखी तीन डाव असेच गेले तर... ऑर्व्हिलनं विचार तिथेच दाबून टाकला. ही गोष्ट घडत असताना तिचं नाव काढायचं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं. आणि ज्याच्या हातून ती घडते आहे त्या गोलंदाजाशी तर अवाक्षर बोलायचं नाही. बोललं की नजर लागते आणि पुढच्याच चेंडूवर फटका बसतो. बेसबॉल खेळणारा माणूस देवाला मानो न मानो, हे मानतोच.

पोर्टर्स बेंड बॅजर्सच्या इतिहासात ही गोष्ट कधीच घडली नव्हती. खरं तर त्यांच्या इतिहासात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. सॉसेज-पावाच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर क्लबचे संस्मरणीय क्षण रंगवलेले होते. वादळात प्रेक्षागृहाचं छप्पर उडालं तो दिवस. शेजारच्या गोठ्यातली गाय मैदानात येऊन बसली तो दिवस. आणि संघ शेवटून पहिला आला, तो अख्खा मोसम. ऑर्व्हिलनं अर्धं आयुष्य या संघात घालवलं होतं. नातवंडांना हसू येणार नाही अशी एक तरी ओळ त्या भिंतीवर यावी, एवढंच आता त्याचं मागणं होतं.

"ऑर्व्हिल, अरे, जरा ऐक ना—" टिबेट्स उठून त्याच्याकडे आला.

"चला रे, चला! बॅटी उचला!" असं ओरडत ऑर्व्हिल पाण्याच्या पिंपामागे सटकला. टिबेट्स तिकडे आला. तेव्हा ऑर्व्हिल सरळ संडासात शिरला आणि कडी लावून बसला.

थोड्या वेळानं दाराच्या फटीतून फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरची, सॅल पिनेलीची, कुजबुज आली. "बॉस, तो बाहेर उभाय."

"राहू दे उभा. मी मेलो म्हणून सांग."

"कसं सांगू? त्याच्याशी बोलायचं नाही ना!"

टिबेट्स बिचारा वाट पाहून पाहून मैदानात परत गेला.

सातव्या डावात त्याचा चेंडू हळू झाला. आठव्यात तर इतका हळू, की फलंदाज बॅट फिरवून मोकळे होत आणि मग चेंडू सावकाश येई, जेवणं आटोपल्यावर पाहुणा यावा तसा. फलंदाज चिडले, शिव्या देऊ लागले, पण बॅटला काही चेंडू लागेना. ऑर्व्हिलला भरून आलं. जन्मभर नुसता जोर लावणारा हा गडी, शेवटी शेवटी का होईना, डोकं वापरायला शिकला! डावानंतर टिबेट्स पाणी प्यायला, तेही डाव्या हातानं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घामाच्या धारा. याला म्हणतात एकाग्रता. उजवा हात कसा जपतोय पठ्ठ्या! ऑर्व्हिलनं मनातल्या मनात त्याची पाठ थोपटली आणि तो जवळ येतोय असं दिसताच पुन्हा संडास गाठला.

नवव्या डावात पहिले दोघे बाद झाले. आता एकच उरला, आणि त्याचेही दोन फटके हुकले; तिसरा हुकला की तोही बाद. तेवढ्यात टिबेट्स थांबला, डगआउटकडे वळला आणि चेंडू ऑर्व्हिलच्या दिशेनं पुढे करून उभा राहिला.

ऑर्व्हिलचे डोळे डबडबले. हा शेवटचा चेंडू टिबेट्स आपल्या नावानं टाकतो आहे! त्यानं टोपी काढली आणि कमरेत वाकून मुजरा केला. टिबेट्स कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग मान हलवत वळला आणि त्यानं चेंडू टाकला. चेंडू कसला, तो रमतगमत निघालेला मोसंब्याएवढा गोळा. फलंदाजानं इतक्या लवकर आणि इतक्या जोरात बॅट फिरवली, की तो स्वतःभोवती फिरून खाली बसला. चेंडू सॅलच्या हातमोज्यात पडला.

मग काय विचारता! खेळाडू टिबेट्सवर तुटून पडले. प्रेक्षक कठडे ओलांडून आत आले. क्लबच्या मालकीणबाई तर सगळ्यांचे मुके घेत सुटल्या. त्या ढिगाऱ्याखालून ऑर्व्हिलनं टिबेट्सला ओढून काढलं आणि घट्ट मिठी मारली. टिबेट्स किंचाळला. आनंदानंच, असं ऑर्व्हिलला वाटलं.

"आता बोललं तर चालेल?" टिबेट्सनं धापा टाकत विचारलं.

"बोल रे राजा! आता रात्रभर बोल!"

"सहाव्या डावात खांदा गेलाय माझा, हात वर होत नाही. आणि तू येऊन चेंडू काढून घेतल्याशिवाय गोलंदाजानं मैदान सोडायचं नसतं, म्हणून तुला बोलवायला संडासापर्यंत आलो होतो, लेका!"