कबूल केलेलं लुगडं

पुंजाराम घशाच्या कॅन्सरनं गेला. सुतक फिटल्यावर शकुबाई नवस फेडायला वणीच्या गडावर निघाली. विधवेनं देवीची ओटी भरायची नसते, म्हणून तिनं सुनेला सोबत घेतलं. खण, नारळ आणि हिरवं लुगडं हातात धरून लता पायऱ्या चढत होती, पण तोंड फुगलेलं होतं. सासूनं सहा महिने पायात वहाण घातली नव्हती, देवीपुढचा दिवा विझू दिला नव्हता. तरी सासरा वाचला नव्हता.

अर्ध्या वाटेवर लताला राहवलं नाही. "आत्याबाई, मामंजी बरे व्हावेत म्हणून नवस बोलला ना तुम्ही? देवीनं ऐकलं नाय. मग लुगडं कशापायी?"

शकुबाई पायरीवर टेकली. पदरानं तिनं मान पुसली.

"तो पहिला नवस. तो नाय ऐकला. मग म्हटलं, बरं नको करू, पण घोटभर पाणी तरी घशाखाली उतरू दे. ते बी नाय ऐकलं. मग एका सकाळी म्हटलं, आता ने त्यांना, लुगडं नेसवीन तुला. दुपारच्याला नेलं बघ."

गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"चल. एवढं एकच ऐकलंय तिनं माझं."