पाहुणीची पिशवी

किर्गिझस्तानातल्या नारिन शहराच्या सरकारी विद्यापीठातला पत्रकारितेचा पदवीवर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवायला बुरुलसुन बाई राजधानीतून आल्या होत्या. रोज जेवण झालं की विभागप्रमुख मांसाची आणि बोरसोक नावाच्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची गच्च भरलेली पिशवी त्यांच्या हातात कोंबत. "न्या हो, नातवंडांसाठी! या थंडीत आठवडाभर टिकेल." बाई ती घेत.

शेवटच्या दिवशी त्या वर्गात गेल्या. "कागद पुष्कळ पाहिले. आता माझी मुलाखत घ्या बघू."

शहर कसं वाटलं, आम्हाला काय सांगाल, असले गुळमुळीत प्रश्न आले. बाई वैतागल्या. "एवढंच विचारायला चार वर्षं लागतात होय रे?"

तेव्हा मागच्या बाकावरची मीरगुल उठली आणि मोठ्या बहिणीला मारावी तशी हाक मारत म्हणाली, "एजे, नातवंडांची पिशवी तुम्ही रोज फाटकावरच्या रखवालदाराला देऊन टाकता. घरी कोण असतं तुमच्या?"

विभागप्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. "बस खाली, कार्टे!"

"बसू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातली फाईल मिटली. मीरगुल उभीच होती.

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "वर्ग चालू राहील."

संध्याकाळी निघताना विभागप्रमुखांनी नेहमीसारखी पिशवी पुढे केली. नातवंडांचं नाव मात्र काढलं नाही. बाईंनी ती हातात घेतली. पिशवी हलकी होती, एकाच माणसापुरती.