उलट्या झुकलेल्या रेघा

आईच्या घरी आलेल्या माणसानं आधी आईच्या तोंडाकडे बघावं, एवढी साधी गोष्ट. पण हा पठ्ठ्या दर रविवारी दहाच्या ठोक्याला यायचा, चपला भिरकावायचा, "कशी आहेस?" असं दाराला विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता मागच्या खोलीत शिरायचा. पन्नाशीला टेकला तरी खोड जाईना. सदानकदा डोळ्याला भिंग. म्हणून आईनं त्याचं नाव भिंगोजीराव ठेवलं होतं.

मागची खोली एकेकाळी तिचं शिवणघर. चाळीस वर्षं तिनं तिथे सहा बायका हाताशी घेऊन कोट शिवले. आता कटिंगच्या लांब टेबलावर भिंगोजीची पानं पसरलेली. पानं चित्रकथांची, पण छापील नव्हेत. छपाईच्या आधी चित्रकारानं स्वतः शाईनं काढलेली, मोठ्या जाड कागदावरची. कडेला निळ्या पेन्सिलीच्या खुणा, चुकलं तिथे पांढऱ्या रंगाचं ठिगळ. आणि सगळी एकाच चित्रकाराची. तो माणूस कधीच वारला होता. याच्या घराला ओल, म्हणून पानं इथे. आणि पानं इथे, म्हणून रविवारी हा इथे. आई काही स्वतःला फसवणारी नव्हती.

तिला अक्षरं जेमतेम लागत. चित्रांतल्या माणसांचं बोलणं वाचायच्या फंदात ती पडत नसे. कपडे मात्र बघायची. "या माणसाला शिवता येत असणार," ती एकदा म्हणाली होती. "हात वर गेला की बाही काखेत कुठे ओढली जाते, ते याला कळतं. बाकीचे नुसत्या सुरकुत्या काढून मोकळे होतात." भिंगोजी "हं" म्हणाला होता. आईच्या बोलण्याला तो एवढंच उत्तर द्यायचा.

त्या रविवारी तिनं चहा आणून ठेवला. अर्धाच कप. मग ओट्यावरच्या दोन बरण्या एकेक करून त्याच्यापुढे आणल्या.

"झाकणं सैल करून ठेव."

हे हल्ली दर रविवारचंच. त्यानं पानावरची नजर न उचलता झाकणं फिरवली. आईनं शाल नीट ओढून घेतली आणि स्टुलावर बसली. आठवडाभरात त्या दारातून दुसरं कुणी आत आलं नव्हतं.

टेबलावर नऊ नवी पानं होती. चित्रकाराची शेवटची कथा. ती मिळवण्यात याची अकरा वर्षं गेली होती.

"फसलो, आई." त्यानं भिंग खाली ठेवलं. आवाज असा, जसं घरातलं कुणी गेलंय. "ही त्याची नाहीतच."

"कशावरून?"

"सावलीच्या रेघा बघ. जन्मभर त्याच्या रेघा उजवीकडे झुकतात. खालून वर, एका दमात. इथे सगळ्या डावीकडे झुकल्यात. आणि जाड. कुणीतरी मदतनिसानं उरकलंय. उद्या परत पाठवतो. बाकीचीही देऊन टाकतो कुणाला तरी. पुरे झालं हे खूळ."

पानं गेली की रविवारही गेला.

ती उठली आणि टेबलावर वाकली. आधी एका जुन्या पानावर, मग एका नव्या पानावर. बराच वेळ बघत राहिली.

"हेमिंगचा टाका बघून मी सांगायचे, कुठल्या बाईनं घातलाय," ती म्हणाली. "डावखुरी असली की टाका उलटा झुकतो. हे तसंच आहे. डाव्या हातानं काढलंय."

"म्हणजे मदतनीस डावखुरा."

"आणि बाही?" तिनं बोट ठेवलं. "काखेत बघ. अगदी तिथेच ओढलीय, जुन्या पानांत ओढायचा तिथेच. हे काय हातात असतं होय? हे डोक्यात असतं. माणूस तोच आहे रे. हात बदललाय."

भिंगोजीनं भिंग उचललं. एक बाही बघितली. दुसरी बघितली. नवव्या पानापर्यंत पोचला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"तोच आहे," तो पुटपुटला. "पण सगळा जन्म उजव्या हातानं काढणारा माणूस शेवटी डाव्यानं कशाला काढेल?" हेही त्यानं पानालाच विचारलं.

"उजवा गेला, तर काय करील?"

"काहीतरीच तुझं. एवढं झालं असतं तर कुणाला कळलं नसतं?"

आईनं शाल खांद्यावरून सरकवली. डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट धरलं आणि तो हात उचलून टेबलावर, पानांच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसा. बोटं आत वळलेली. त्या बोटांनी चाळीस वर्षं कोटांची काजं केली होती.

डॉक्टर म्हणाले होते, मुलाला कळवा. ती म्हणाली होती, त्याला डोळे आहेत.

"कधी झालं हे?"

"अठरा रविवार झाले."

त्यानं अर्ध्या कपाकडे बघितलं. बरण्यांकडे बघितलं. मग, कितीतरी दिवसांनी, आईच्या तोंडाकडे.

"नजर चांगली आहे हो तुझी, भिंगोजीराव," आई म्हणाली. "फक्त माणूस कागदावर असावा लागतो."