पहिली रांग

"बावीसचा मासा पंचवीसचा कसा होईल?" तोलेगेननं विचारलं. "बाजारात असं केलं तर लोक मला धरून चोपतील."

झिबेक त्याची सून, गावच्या शाळेत गणित शिकवायची. न चिडता तिनं पुन्हा सांगितलं. "आके, एकेक मासा वेगळा कुणी धरत नाही. वीस ते तीस सेंटिमीटरचे सगळे एका गटात टाकायचे. मग त्या गटातला प्रत्येक मासा मधल्या आकड्याचा, म्हणजे पंचवीसचा समजायचा."

"आणि एकोणतीसचा?"

"तोही पंचवीसचाच."

"म्हणजे बारक्याला फुगवायचं आणि लांबट्याची शेपटी छाटायची. आणि सरकार यावर पगार देतं तुला." तोलेगेन भावाकडे बघून हसला. भाऊ झुमाबेकही हसला, पण दोघांचंही हसणं तोंडदेखलं होतं.

दुसऱ्या दिवशी मासेमारी खात्याची बाई येणार होती. तळ्याच्या बर्फाखाली खात्याचं बारीक विणीचं जाळं सोडून ठेवलेलं होतं. त्यात सापडतील ते साझान मासे मोजायचे, सरासरी लांबी काढायची, आणि ती बघून यंदा तळं उघडं ठेवायचं की बंद ते ती ठरवणार, एवढं झुमाबेक जिल्ह्याला जाऊन ऐकून आला होता. तळं बंद झालं तर तोलेगेनचा मुलगा बायकोपोरांना घेऊन कामासाठी अक्तोबे शहरात जाणार होता. घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. तोलेगेन मात्र नातीचा आवाज कानावर पडला की हातातलं काम टाकून तिला जवळ बोलवायचा. म्हातारा-म्हातारीनं त्या घरात एकमेकांची तोंडं बघत बसायचं, ही कल्पनाच त्याला सोसत नव्हती.

"बरं, करून दाखव," तो म्हणाला.

झिबेकनं कागदावर रांगा आखल्या. "समजा वीस ते तीसमधले चाळीस मासे मिळाले. तीस ते चाळीसमधले बारा, त्यावरचे आठ. प्रत्येक गटाचा मधला आकडा घ्यायचा, माशांच्या संख्येनं गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण माशांनी भागायची." तिनं भागाकार केला. "तीसलाही थोडी कमीच पडली."

तोलेगेननं कागद ओढून घेतला आणि पहिल्या रांगेवर अंगठा ठेवला. "ही रांग नसतीच तर?"

झिबेकनं पहिली रांग खोडली. मग तिनं हिशेब केला. "एकोणचाळीस."

"बघा," झुमाबेक म्हणाला. "ही बारकी कार्टीच सगळ्यांचे पाय ओढतायत."

"आके, तपासणीच्या जाळ्यात ढवळाढवळ केली तर परवाना कायमचा जातो."

"कोण करतंय? पाहुणी आली की आधी चहा. एवढंच म्हणतोय मी."

झिबेकनं कागद घडी करून चुलीत टाकला. अक्तोबेला जायची तिलाही हौस नव्हती.

खात्याची अकमारल सकाळी गाडीतून उतरली तीच बर्फावर चालायचे नमद्याचे बूट घालून. वयानं झिबेकएवढीच. तिला थेट तळ्यावर जायचं होतं. पण तोलेगेनच्या बायकोनं, बीबीशनं, तिचा हात धरून तिला आत नेलं आणि गरम तळलेल्या बाउर्साकांच्या ढिगासमोर बसवलं. आमच्याकडे पाहुण्याचा पेला काठोकाठ कधी भरत नाहीत. थोडा थोडा ओततात, म्हणजे तो पुन्हा पुढे करतो आणि जास्त वेळ बसतो. बीबीश त्या दिवशी घोट घोट ओतत होती.

"आपा, जाळं ओढतील तेव्हा मी तिथं असायला हवं," अकमारल दोनदा म्हणाली.

"हिमानं गोठशील, पोरी. ओढायचं तर आहे नुसतं. घे, लोणी घे."

आता म्हातारीचा हात झटकून उठायचं कसं? अकमारल बसली.

ती तळ्यावर पोचली तेव्हा ताडपत्रीवर मासे मांडून ठेवलेले होते, एकाहून एक भरलेले. झुमाबेकची घसरगाडी तोवर घरी एक खेप करून आली होती. तिच्यावरची गोणी आता गोठ्यात गवताखाली होती.

अकमारलनं गुडघे टेकून एकेक मासा मोजला. तोलेगेन शेजारी उभा होता. जीव टांगणीला लागला होता, पण चेहरा त्यानं थंड ठेवला.

"वीस ते तीसमध्ये काहीच नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"आगा, हे जाळं बारीक विणीचं आहे. काहीतरी अडकायला हवं. कुत्र्यांना टाकले असतील, बर्फावर सांडले असतील, तर सांगा. मी रागावणार नाही."

हिला वास लागला, तोलेगेनच्या मनात आलं. त्यानं छातीवर हात ठेवला. "एकही नव्हता. नातीची शपथ."

अकमारल झुमाबेककडे वळली. झुमाबेकनंही मान हलवली. तिची पेन्सिल बराच वेळ पहिल्या रांगेवर थांबली होती. शेवटी तिनं तिथं शून्य लिहिलं आणि पुढचे गुणाकार केले.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

झिबेक नवऱ्यामागे उभी होती. तिनं त्याची बाही घट्ट धरली. तोलेगेननं टोपी मागं सारली. "गेल्या वर्षी किती होती?"

"बत्तीस."

"मग चांगलीच चढली की." तो आता मोकळेपणानं हसत होता. "सांग पोरी, जाळी कधी टाकू?"

अकमारलनं कागदावर शिक्का उमटवला. वर बघताना तिचे डोळे भरून आले होते.

"पिल्लं संपली की सरासरी चढतेच, आगा. पाच वर्षं आता या तळ्यात कुणी जाळं टाकायचं नाही. पहिल्या रांगेत ओंजळभर जरी सापडली असती ना, तर मी तळं आजच उघडलं असतं."